वन्सं, तुमचा तांबडा थर

वन्सं, जिंकलात. काल विद्यापीठातल्या साहेबांनी माझ्यासमोर आपला शब्द मागं घेतला. म्हणाले, "मी चुकलो होतो. ही भाजकी माती नव्हे, हा पाण्यानं आणलेला गाळ आहे." मी तिथंच, परक्या माणसांसमोर, पदर तोंडाला लावून रडले. लई आनंद झाला होता. घरी आल्यावर मात्र दुसरं रडू आलं, कारण ही बातमी धावत जाऊन जिला सांगावी ती घरात नाही. तुम्हाला जाऊन अजून महिना पुरा व्हायचाय. म्हणून कागद घेऊन बसले. सगळं पहिल्यापासून सांगते, आणि एकच मागणं आहे, मधेच तोडायचं नाही. इतकी वर्षं तुम्ही माझं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा निम्मी शाळा आपल्या दारात आली होती. बरोबरच्या शिक्षिका आल्या, जुन्या विद्यार्थिनी कडेवर पोरं घेऊन आल्या. जी ती म्हणायची, भूगोल शिकवावा तर बाईंनी, शिस्त असावी तर बाईंसारखी. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, ह्यांना बशीचं काय माहीत. तुम्ही आधी माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, मग माझ्या वैरीण आणि मग मैत्रीण, आणि ह्या सगळ्याची सुरुवात एका बशीपासून झाली.

मी लग्न होऊन या घरात आले ती मामानं दिलेला कपबश्यांचा सेट घेऊन. पांढऱ्यावर निळी फुलं. त्या सेटची मला केवढी मिजास होती. आल्याच्या आठवड्यातच तुम्ही त्यातल्या एका बशीत चहा ओतून प्यालात, बशी पुसलीत, पालथी घातलीत आणि पर्समधनं एक काळा दगड काढून तिच्या बुडावर खर्रकन ओढलात. मी नवी नवरी. तरी तोंडातनं निघालंच, "अहो वन्सं, माझी बशी."

तुम्ही वर न बघता म्हणालात, "थांब की. ह्याला नाव विचारतेय."

दगड काळा आणि रेघ तांबडी. मी वाकून बघितलं, ते तुम्हाला दिसलं आणि मी तुमच्या तावडीत सापडले. तुम्ही मला बसवून सांगितलंत की बशीच्या बुडाच्या कडेला चकाकी नसते, तिथं दगड घासला की त्याचा खरा रंग उमटतो. वरून दगड कसाही दिसो. तांबडी रेघ उमटली तर गेरूतलं लोखंड, पिवळट तपकिरी उमटली तर गंजाच्या जातीचं, काळी उमटली आणि दगड चुंबकाकडं ओढला गेला तर तिसरंच. चुंबक तुमच्याकडं एका मोडक्या लाउडस्पीकरमधनं काढलेलं होतं, ते पर्समध्ये असायचं आणि घराच्या किल्ल्या कायम त्याला चिकटलेल्या असायच्या. त्या दिवसापासून माझ्या सहाही बश्यांच्या बुडांना रेघा आहेत. राखेनं घासल्या तरी पुरत्या जात नाहीत. पाहुणे आले की मला वाटायचं, देवा, कुणी बशी उलटी करू नये.

आणि आपल्याच घरी केलंत तर ठीक. तुम्ही लोकांच्या घरी हळदीकुंकवाला गेलात तरी बशी पालथी घालायच्या. मी शेजारी बसून कोपरानं ढोसायची. तुम्हाला फरक पडला तर शपथ.

तुमचं वेड एकाच जातीच्या दगडांचं होतं. गाळानं बनलेले आणि लोखंडानं भरलेले. आपल्या मुलखात सगळीकडं काळा कातळ, आगीच्या रसाचा थिजलेला, एकावर एक थर. तिथं गाळाचा दगड शोधायचा म्हणजे ताकात लोणी नव्हे, खडीसाखर शोधण्यासारखं. तुमच्याकडं बेल्लारीच्या बाजूचा एक पट्ट्यापट्ट्यांचा दगड होता, तांबडी पट्टी, करडी पट्टी, पुन्हा तांबडी. तुम्ही सांगायच्या की माणूस, झाड, मासा काही नव्हतं तेव्हाच्या समुद्राच्या तळाशी ते लोखंड बसलेलं आहे. मी तो हातात घेतला तर लोढण्यासारखा जड. "एवढा जड आहे तर लोणच्यावर ठेवू का दडपायला?" असं विचारलं. मला वाटलं रागावाल. तुम्ही खूश झालात. म्हणालात, "जडपणा तुला आधी जाणवला, हे बरोबर. ठेव, पण खाली ताटली ठेव." तीन उन्हाळे त्या दगडाखाली आपलं लोणचं मुरलं.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. माझं माहेर जेऊरजवळचं, भीमेच्या काठाला. उन्हाळ्यात मी माहेरी निघाले तर तुम्हीही निघालात. नदी आटून तिचा कातळ उघडा पडला होता, आणि लोक पाण्यासाठी वणवण करत असताना तुम्ही काठच्या एका ओघळीत उतरलात. तिथं काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये, दोन भाकरींत चटणी दाबावी तसा, तांबडा थर होता. तुम्ही बाहेर आलात तेव्हा हात, साडी, कपाळ सगळं तांबडं. माझी आई घाबरली, तिला वाटलं पडलात.

"शालन, हा गाळ आहे," तुम्ही म्हणालात. "इथं पाणी होतं. कातळ कुजला, त्यातलं लोखंड पाण्याबरोबर आलं, खाली बसलं, गंजलं. त्याच्यावर मग पुन्हा आगीचा रस आला."

मी म्हणाले, "काही पाणीबिणी नाही. आमची चूल बघा. मातीची चूल लिंपली की काळी असते, महिनाभर जाळ लागला की आतनं तांबडी होते. वरून आगीचा रस आला म्हणता ना? मग खालची माती भाजली. झालं."

तुम्ही पुण्याला जाऊन साहेबांना दगड दाखवलात, तर ते माझंच बोलले. त्यांनी दगड तपासून घेतला, लोखंड भरपूर निघालं, त्याबद्दल वाद नव्हता. पण ते म्हणाले की असे तांबडे पट्टे आपल्या कातळात जागोजागी आहेत, खालच्या थराची वरची माती कुजून भाजलेली असते, गाळ म्हणायला काही आधार नाही. तुम्ही परत आलात आणि मला सगळं सांगितलंत. मी म्हणाले, "साहेब शहाणे दिसतात."

दुसरी कुणी असती तर माझ्याशी बोलणं टाकलं असतं. तुम्ही खुर्ची ओढून माझ्यासमोर बसलात. "हे बघ, तू माझी भावजय म्हणून उगाच हो म्हणायचं नाहीस. ज्या दिवशी तुला पटेल त्या दिवशी साहेबांना पटेल. तोवर भांड." आयुष्यात मला भांडायला कुणी आमंत्रण दिलं असेल तर ते तुम्ही एकट्यांनीच. मी ते मनापासून स्वीकारलं. जेवताना, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना आपण त्या थरावरून भांडलो. हे गिरणीतनं दमून यायचे आणि म्हणायचे, "तुमच्या दोघींचा दगड एकदा माझ्याच डोक्यात घाला, म्हणजे प्रश्न मिटेल."

मी म्हणायची, तांबडं आहे म्हणजे काय झालं. तुम्ही म्हणायच्या, "नुसत्या रंगावर जाऊ नको. चिमूटभर हळद पातेलंभर वरण पिवळं करते. दगड हातात तोल, पाण्यात बुडवून तोल, मग बोल." म्हणजे माझ्या बाजूनंही मुद्दे तुम्हीच पुरवायच्या. भांडायला असं माणूस मला आता कुठं मिळणार.

आणि मग ती तुळशीच्या लग्नाची काव. ती गोष्ट मी पुढं कितींदा सांगितली असेल. वृंदावनाला दरवर्षी मी बाजारातनं गेरूची काव आणून द्यायची. त्या वर्षी तुम्ही म्हणालात, "बाजारात कशाला जातेस? जेऊरचे तुकडे पडलेत की टोपलीभर, ते कुट." तुमच्या दगडानं तुळस रंगवायची म्हणून तुम्हाला कोण कौतुक. मी फुटक्या पाट्यावर ते कुटले, घमेल्यात भिजवले, कुंचला बुडवला आणि वृंदावनावर फिरवला तर खरखर आवाज. रंग झकास, पण सगळीकडं ओरखडे. माझं डोकं फिरलं. तुम्ही आत वह्या तपासत होतात, मी अंगणातनं ओरडले, "वन्सं, कसला हो तुमचा दगड. काव बसेना, नुसती कचकच. घमेल्याच्या तळाशी मोहरीएवढे खडेच खडे राहिलेत."

मग तुम्ही अनवाणी बाहेर आलात. घमेल्यासमोर फतकल मारून बसलात, वरचं तांबडं पाणी ओतून टाकलंत, माझी काव गेली ती गेलीच, आणि खालचे खडे तळहातावर घेऊन धुतलेत. गारगोटीचे बारीक मणी होते. गुळगुळीत आणि गोल. मी जवळ आले.

"शालन, गारगोटी कुठं असते?"

"कातळाच्या पोटात. भोकांत."

"पोटात असताना अशी गोल असते? कोनाकोपऱ्यांची असते ना? मग तिला पोटातनं बाहेर कुणी काढलं, आणि घासून गोल कुणी केलं? चुलीनं?"

मी म्हणाले, "तुमच्या टोपलीत नदीची वाळू मिसळली असेल." त्यावर तुम्ही जे हसलात, वन्सं, ते हसणं मला अजून ऐकू येतं. "शाब्बास," म्हणालात, "साहेबही हेच म्हणतील. चल, जागेवर जाऊन बघू." त्या वर्षी आपली तुळस निम्मी तांबडी, निम्मी पांढरी राहिली आणि तसंच तिचं लग्न लागलं.

जागेवर आपण दोघी गेलो ते दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस. पॅसेंजरनं जेऊर, तिथनं माझ्या भावाची बैलगाडी. तोवर सगळ्यांना कळलं होतं की खाली धरण होतंय आणि ह्या काठावर पाणी येणार. भाऊ म्हणाला, "ताई, आता ह्या रानाचा काय भरवसा न्हाय, काय बघायचं ते बघून घ्या." तुम्ही ओघळीत कुंच्यानं तो थर झाडायला घेतलात, मी भिंग घेऊन मागं. खरं तर मी खोट काढायलाच बसले होते. पण खडे थरात घट्ट बसलेले होते, खाली जाड, वर बारीक, मग पुन्हा जाड, पुन्हा बारीक. मी रोज तांदूळ रोळते, जड काय खाली बसतं ते मला सांगायला नको. तरी मी भिंग खाली ठेवलं नाही.

मग तुम्ही एक पापुद्रा उचकटलात आणि खाली भेगा दिसल्या. चारी बाजूंनी एकमेकींना मिळालेल्या. एप्रिलमध्ये आपल्या काळ्या रानाला पडतात त्याच. आणि प्रत्येक भेगेत वरच्या थरातले खडे उतरून बसलेले. तळ सुकला, तडकला, पुन्हा पाणी आलं आणि आपल्याबरोबर खडे घेऊन आलं. तुम्ही बाजूला सरून मला बघायला जागा दिलीत.

मी म्हणाले, "पटलं."

तुम्ही माझ्या गळ्यात पडलात. माझ्या पोलक्याची बाही तुमच्या हातांनी तांबडी झाली, ते पोलकं मी अजून ठेवलंय. एवढी मोठी बाई, पोरीसारखी ओघळीत उड्या मारत होती.

ती भेगांची लादी आपण भावाकडनं पहारीनं काढून घेतली, चादरीत गुंडाळली, आणि आपल्या गल्लीतले रशीदभाई ट्रक घेऊन त्या बाजूला आले होते, त्यांनी ती सोलापूरला घरी आणली. आणताना एकदाही गचका बसू दिला नाही. "बाई, आत काचसामान हाय का?" असं त्यांनी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "काचेपेक्षा नाजूक."

पुण्याला नेली तेव्हा साहेबांनी लादी भिंगाखाली बघितली, पालथी करून पुन्हा बघितली. मग म्हणाले, "बाई, दगड चांगला आहे. पण सुटा दगड साक्षीला चालत नाही. हा कुठल्या थरातला, वर काय, खाली काय, हे मला जागेवर दाखवा, मी सगळ्यांसमोर मान्य करेन." माणूस सरळ होता, तुम्हालाही ते मान्य होतं. पावसाळा संपला की यायचं कबूल केलं त्यांनी. आणि त्याच पावसाळ्यात धरणाचं पाणी आपल्या अंदाजापेक्षा लवकर चढलं. माझा भाऊ येऊन सांगून गेला की ओघळच दिसत नाही, जिकडं बघावं तिकडं पाणी.

मला वाटलं, आता तुम्ही खचणार. छातीचं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं, डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. मी चहा घेऊन आले तर तुम्ही पलंगावर नकाशा पसरून बसलेल्या. "शालन, आपले कातळाचे थर जवळजवळ सपाट असतात. नदी मात्र उतरत जाते. म्हणजे खालच्या अंगाला, टेंभुर्णीकडं, हाच थर पाण्याच्या वर, उंचावर सापडायला पाहिजे."

मी लगेच पकडलं. "ओढ्याचा गाळ एवढ्या लांब जातो होय?"

"ओढा कोण म्हणालं? तळं होतं."

"तुमचं तळं बरं, लागेल तेवढं मोठं होतं."

"होतंच मोठं. आणि ऐक, तिकडं दाणा बारीक असणार. इकडनं लांब जाईल तसं जड आधी बसून जाणार. जेऊरला मोहरी असेल तर तिथं रवा असेल. बघून ये."

"आधी बऱ्या व्हा. मग दोघी जाऊ."

हे आपलं शेवटचं भांडण. ओढा का तळं. त्यानंतर तुम्हाला धाप लागायला लागली, आणि एका दुपारी मी पाणी घेऊन येईपर्यंत तुम्ही निघूनही गेलात. मला तुमचा राग आला होता, वन्सं, खरं सांगते. भांडण अर्धवट टाकून जायची तुमची रीत नव्हती. शेवटच्या दिवसांत मी तुमच्याशी औषध घ्या, कूस बदला, एवढंच बोलले. तुमच्यामुळं माझा संसार नुसता स्वयंपाकघराएवढा राहिला नाही, हे सांगायचं होतं. ते राहिलं. ते इथं लिहिते.

दिवसकार्य झालं आणि रशीदभाई दारात आले. टोपी हातात. मला वाटलं, भेटायला आले. बसले, तुमच्या फोटोकडं बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, टेंभुर्णीच्या पलीकडं कालव्याचं काम चाललंय, मी तितं सिमेंट टाकतो. खोदाईत तांबडा पट्टा लागलाय. वर काळा, खाली काळा, मधी तांबडा. मला बाईंची लादीच आठवली. खोटं बोलत न्हाय."

त्याच धरणाचा कालवा. ज्यानं तुमचा थर बुडवला त्यानंच दुसरीकडं तो कापून उघडा केला होता.

ह्यांनी रजा टाकली. मी पिशवीत घेतलं काय, तर भिंग, कुंचा, एक जेवायची पितळी आणि मामाच्या सेटमधली बशी. ह्यांनी बशी बघितली पण काही विचारलं नाही, तेव्हा मला कळलं की त्यांनाही तुमची आठवण येतेय. कालव्यावरचा मुकादम आडवा आला. "बाई, हितं कुटं उतरताय? आन लवकर आटपा, पुढच्या पंधरवड्यात हितं सिमेंटचं अस्तर बसल, मग तुमाला भिंतच दिसल नुसती." रशीदभाईंनी त्याला बाजूला नेऊन काय सांगितलं कोण जाणे, तो स्वतः शिडी धरायला आला.

मी खाली उतरले. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशिवाय. दगड हातात घेतला, तोलला, जड. बशी पालथी घातली, घासला, रेघ तांबडी. तेवढ्यानं भुलायचं नाही, तुमचंच शिकवणं. पितळीत एक तुकडा ठेचून कालवला आणि तांबडं पाणी ओतत गेले. कामावरच्या बायका भोवती जमल्या होत्या. एक म्हणाली, "सोनं हाय का वो ह्यात?" मी म्हणाले, "व्हय, सोनंच समज." तळाशी राहिलं ते बोटावर घेतलं, भिंगाखाली धरलं. गारगोटीचे गोल दाणे. आणि वन्सं, बारीक. उपम्याच्या रव्याएवढे. तुम्ही पलंगावर बसून सांगितलं होतं तेवढेच.

मग मी कुंच्यानं थर झाडत झाडत पुढं सरकले. ऊन तापलं, हे वरून "चल आता, पुरे" म्हणत होते, मी ऐकलं नाही. भेगा मिळेपर्यंत हलणार नव्हते, आणि त्या मिळाल्या. जेऊरपेक्षा बारीक, पण त्याच, आणि वरनं रवा भरलेला.

ह्यांनी पोस्टातनं साहेबांना ट्रंककॉल लावला. ह्यांना दगडातलं ओ का ठो कळत नाही, पण फोनवर असे ठणकावून बोलले की मी बघत राहिले. "माझ्या बहिणीचा थर जागेवर सापडलाय. अस्तर बसायच्या आत या." काल ते आले. हाफ पँट, डोक्याला रुमाल, वय झालेलं. तासन्‌तास त्या भिंतीसमोर होते. वरचा कातळ बघितला, खालचा बघितला, दाणे बघितले, भेगा बघितल्या, मला उलटसुलट विचारलं. मी तुमच्यासारखी उत्तरं दिली, आणि जिथं माहीत नव्हतं तिथं माहीत नाही म्हणाले. शेवटी त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि ते वाक्य बोलले, जे मी सुरुवातीलाच लिहिलंय.

पुढं असंही म्हणाले की जेऊरचा आणि हा एकच थर आहे का दोन वेगळे, हे अजून ठरवायला लागेल. मी म्हणाले, "एकच मोठं तळं होतं असं त्यांचं म्हणणं. मला ते अजून पटलेलं नाही." साहेब हसले. म्हणाले, "तुम्ही दोघींनी मिळून मला हरवलंत तर." म्हणजे वन्सं, ते भांडण अजून उघडं आहे. मी ते तुमच्या बाजूनंही चालवीन आणि माझ्याही.

आता शेवटचं. निघताना साहेबांनी खिशातनं पेन काढलं. "हा थर गाळाचा आहे हे पहिल्यांदा ज्यांनी ओळखलं त्यांच्याच नावानं मी हे लिहिणार. बाईंचं नाव काय हो?"

मी का अडले ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडं थोरल्या माणसाचं नाव सून तोंडानं घेत नाही. ह्यांचं नाव निदान उखाण्यात घ्यायला मिळालं, तुमच्या नावाला तर उखाणाही नव्हता. ह्या घरात आल्यापासून मी तुम्हाला वन्सं म्हटलं, पोरांनी आत्या म्हटलं, शाळेनं बाई म्हटलं. मी वर बघितलं. हे काठावर मुकादमाशी बोलत उभे होते. हाक मारली असती तर त्यांनी सांगितलं असतं. तोंड उघडलंही होतं हाकेसाठी.

मग वाटलं, भांडले मी, कुटलं मी, पटलं मला. सांगणार दुसरं कोण?

"वत्सला," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की माझा मलाच आवडला नाही. म्हणून पुन्हा सांगितलं, कालव्याच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल असं. काम थांबवून माणसं बघायला लागली, हेसुद्धा वळून बघायला लागले, आणि मी तुमचं नाव तिसऱ्यांदा घेतलं.